बिशपांच्या भांडणांच्या गावी

गुरुवार : इस्तंबूल ते इझ्निक

येनीकापीच्या धक्क्यावरून यालोवाची सकाळची बोट पकडली. मार्मारा समुद्र शांत होता, चहा कडक होता आणि अच्चायन बोलायच्या मूडमध्ये होता. अच्चायन म्हणजे आमच्या विरार लोकलच्या ग्रुपातला कोट्टयमवाला. तिकडे सिरियन ख्रिस्ती पुरुषांना असंच म्हणतात, म्हणून इकडेही त्याचं तेच नाव पडलं. इतकी वर्षं नालासोपाऱ्यात काढल्यामुळे मराठी फर्डं, फक्त चिडला की मल्याळम हेल येतो. मी वसईचा रोमन कॅथलिक, तो मलंकारा ऑर्थोडॉक्स. रविवारी दोघंही जवळपास एकच विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो. पण बिशपांच्या पहिल्या तीन मोठ्या परिषदांपर्यंत त्याची ख्रिस्तसभा आमच्यासोबत आहे, चौथीला वेगळी झाली. उठून गेली की हाकलली, यावरून बोटीतच जुंपली.

म्हणून हा प्रवास. येशू देव होता की माणूस, दोन्ही असेल तर कसा, यावर चौथ्या-पाचव्या शतकांत जे रान पेटलं, त्याच्या पहिल्या चारही मोठ्या परिषदा आजच्या तुर्कस्तानात झाल्या. निकेया म्हणजे आजचं इझ्निक, कॉन्स्टँटिनोपल म्हणजे इस्तंबूल, इफेसस सेल्चुकजवळ आणि चाल्सीडन म्हणजे इस्तंबूलच्याच आशियाई काठावरचं कादिक्योय.

यालोवाहून मिनीबस ओरहानगाझीला वळसा घालून इझ्निकच्या तळ्याकाठी येते. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ धूसर दिसतो. दुतर्फा ऑलिव्हच्या बागा. गावाला अजून रोमन-बायझंटाइन तट आहे, जवळपास पाच किलोमीटरचा, आणि इस्तंबूल दरवाज्यातून आत शिरलं की बाजारपेठेचं साधं गाव. ट्रॅक्टर, चिनीमातीच्या निळ्या फरशांची दुकानं, पत्ते खेळणारे म्हातारे.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना इथं बोलावलं. परंपरा ३१८ बिशपांचा आकडा सांगते. तिथे हजर असलेला कैसरियाचा युसेबियस अडीचशेहून जास्त म्हणतो. त्यातल्या कित्येकांनी थोड्याच वर्षांपूर्वी रोमन तुरुंग पाहिला होता. आता त्याच साम्राज्याच्या सरकारी टपालगाड्या त्यांना घ्यायला आल्या, राहण्याजेवणाचा खर्च दरबारचा, आणि अजून बाप्तिस्माही न घेतलेला सम्राट सोन्याच्या आसनावर मध्ये येऊन बसला. सगळ्या वादात मला हे चित्र फार महत्त्वाचं वाटतं. काल ज्याच्या पोलिसांना भ्यायचं, आज त्याच्याच पंक्तीला बसायचं. मग तो ‘एकमत करा’ म्हणाला तर नाही कोण म्हणणार?

वाद इजिप्तमधल्या आलेक्झांड्रियातून आला होता. आरियस नावाचा तिथला धर्मगुरू, वयाने पिकलेला, साधा राहणारा. त्याचं म्हणणं आपल्याला आज ऐकलं तरी पटकन पटेल असं होतं: बाप आधी, मुलगा नंतर, म्हणजे असा एक क्षण होता जेव्हा पुत्र नव्हता, म्हणजे पुत्र कितीही थोर असला तरी निर्माण केलेला. हे त्याने पद्यातही घातलं, आणि त्याची गाणी खलाशी आणि जात्यावरचे लोक म्हणायचे असं सांगतात. त्याचा बिशप अलेक्झांडर आणि बिशपाचा तरुण डीकन, म्हणजे सहायक, अथानासियस यांचा मुद्दा उलटा: पुत्र निर्मितीतलाच असेल तर तो आपल्याला तारणार कसा? बुडणाऱ्याला बुडणाऱ्याने हात देऊन काय उपयोग?

परिषदेने मसुद्यात ‘होमोऊसिओस’ हा शब्द घातला, पित्याशी एकाच सत्त्वाचा. बायबलमध्ये नसलेला हा शब्द कित्येकांच्या घशाखाली उतरत नव्हता, पण सम्राटाने उचलून धरल्यावर सह्या झाल्या. आरियस आणि लिबियाचे दोन बिशप हद्दपार. एका ‘आयोटा’ अक्षरावरून साम्राज्य भांडलं, हा किस्सा गाइड हमखास सांगतात. पण ‘एकसत्त्व’ (होमोऊसिओस) की ‘समसत्त्व’ (होमोइऊसिओस) हा एका अक्षराचा झगडा निकेयातला नव्हेच, तो तिसेक वर्षांनंतरचा. आणि सांताक्लॉजवाल्या संत निकोलसने आरियसच्या कानफटात दिली, ही तर फारच उशिराची दंतकथा. सुव्हेनिरच्या दुकानात मात्र तिलाच मागणी.

परिषद भरली तो राजवाडा आज दिसत नाही. बरेच प्रवासी गावातल्या आयासोफ्या या जुन्या चर्चलाच ‘ती जागा’ समजून फोटो काढतात. तिथे भरली ती ७८७ची परिषद, मूर्ती-प्रतिमांच्या वादाची, सातवी. उस्मानी सुलतान ओरहानने १३३१मध्ये गाव घेतलं तेव्हा त्या चर्चची मशीद झाली, मध्ये म्युझियम, २०११पासून पुन्हा मशीद. आत डावीकडच्या एका कोनाड्यात येशू, मरिया आणि योहान यांचं भित्तिचित्र अजून आहे, इतकं पुसट की आधी फक्त तपकिरी डाग दिसतात. डोळे सरावले की प्रभावळीच्या कडा वेगळ्या होतात.

संध्याकाळी तळ्याकाठी. २०१४मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंत काठालगत पाण्याखाली एका बॅसिलिकाचा, म्हणजे जुन्या लांबट चर्चचा, आराखडा दिसला. तोवर लोक त्यावरून होड्या हाकत होते. ते चर्च संत निओफितोसचं असावं असं पुरातत्त्वज्ञ मानतात, आणि ७४०च्या भूकंपात ते कोसळलं असावं असा अंदाज आहे. आता पाणी मागे हटलंय. भिंतींच्या ओळी नि पूर्वेकडची अर्धगोल कमान काठावरूनच ओळखू येते, दगडांवर हिरवट शेवाळ, मधल्या डबक्यात बोटभर मासे. २८ नोव्हेंबर २०२५ला पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख, बार्थोलोमिऊ यांनी इथंच उभं राहून निकेयाच्या १७०० वर्षांनिमित्त प्रार्थना केली. अच्चायन म्हणाला, “इथपर्यंत आपण दोघं एकाच पार्टीत, लक्षात ठेव.” मग आम्ही तळ्यातला तळलेला मासा खाल्ला. यायन म्हणतात त्याला. आमच्या बोंबिलापुढे काही नाही.

शुक्रवार : बसचा दिवस

इझ्निक ते बुर्सा, बुर्सा ते इझमिर, मग रेल्वेने सेल्चुक. एक बस दोन तास उशिरा आली आणि एसी बंद. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं इतकंच की चौथ्या शतकातला इतिहासकार अम्मिआनस तक्रार करतो, कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँटियस याच्या काळात परिषदांना धावणाऱ्या बिशपांच्या झुंडींनी सरकारी टपालव्यवस्थेचं कंबरडं मोडलं. निकेयात निकाल लागला खरा, पण पुढची पन्नासेक वर्षं नुसत्या परिषदांवर परिषदा. आरियसला माफी मिळायची वेळ आली, तोच ३३६ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सार्वजनिक शौचालयात तो मेला. अथानासियसने हे मोठ्या चवीने लिहिलंय. स्वतः अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. आणि कॉन्स्टंटाइनने मरताना बाप्तिस्मा घेतला तोही आरियसच्या बाजूच्या निकोमेडियाच्या बिशपाकडून. याला निकाल म्हणायचं तर आपल्या कोर्टांना नावं ठेवू नयेत.

शनिवार : इफेसस

सकाळी आर्टेमिसच्या देवळाकडून सुरुवात. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. उरलाय एक खांब, त्यावर करकोच्याचं घरटं आणि खाली दलदलीत बदकं. इथून इफेससच्या अवशेषांत शिरलं की सगळी गर्दी ग्रंथालयाकडे नि थिएटरकडे वाहते. मरियेचं चर्च जुन्या बंदराच्या बाजूला, आडवाटेला. आम्ही तिथे तासभर होतो, तेवढ्यात एक जर्मन जोडपं आणि एक मांजर एवढेच आले.

एका लांबच लांब रोमन इमारतीच्या पोटात बांधलेलं हे चर्च. आज दिसणाऱ्या भिंती वेगवेगळ्या शतकांतल्या, एकीत एक घुसलेल्या. बाजूला बाप्तिस्म्याची खोली मात्र छान शाबूत: गोल कुंड, दोन्हीकडून उतरायच्या पायऱ्या, मधोमध प्रौढ माणूस कमरेपर्यंत उभा राहील एवढी जागा. १९६७मध्ये पोप पॉल सहावे इथं येऊन प्रार्थना करून गेले, त्याची पाटी आहे.

तर ४३१. नेस्टोरियस हा कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप, अंतिओखियाच्या शिकवणीतला, उत्तम वक्ता आणि अतिशय उद्धट. मरियेला लोक ‘थेओटोकोस’, देवाला जन्म देणारी, म्हणत. तो म्हणाला ‘ख्रिस्तोटोकोस’ म्हणा, ख्रिस्ताला जन्म देणारी. देवाला आई कशी असेल? दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असं तो इफेससमध्ये बोलल्याचं नोंदलं गेलं आणि ते त्याला भोवलं. समोर आलेक्झांड्रियाचा आर्चबिशप सिरिल. त्याचा मुद्दा साधा आणि जबर: पाळण्यातला तो आणि विश्व घडवणारा तो एकच आहे, दोन नाहीत, तुम्ही फार बारीक चिरलंत तर हातात दोन ख्रिस्त येतील.

मुद्दा जबर होता, पण वागणं बघा. पूर्वेकडचे बिशप घेऊन येणारा अंतिओखियाचा बिशप योहान, नेस्टोरियसच्या बाजूचा, वाटेत अडकलेला, रस्ते वाईट, जनावरं मेलेली. सम्राटाचा प्रतिनिधी कँडिडियन म्हणतोय थांबा. सिरिलने २२ जूनला याच चर्चमध्ये परिषद उघडली, एका दिवसात नेस्टोरियसला पदच्युत केलं, आणि संध्याकाळी शहराने मशाली घेऊन बिशपांना मुक्कामावर पोचवलं. चार दिवसांनी योहान आला, त्याने चाळीसेक बिशप जमवून उलट सिरिललाच काढून टाकलं. सम्राट थिओडोसियस दुसरा याने काय केलं? दोन्ही बडतर्फ्या मान्य केल्या! मग सिरिलने दरबारात वजन टाकलं: हजार पौंडांहून जास्त सोनं, गालिचे, हस्तिदंती आसनं, पडदे, उशा, कुणाला काय द्यायचं त्याची चक्क यादी शिल्लक आहे. तो आलेक्झांड्रियाला परतला. नेस्टोरियस आधी मठात, मग हद्दपार होऊन थेट इजिप्तच्या वाळवंटात.

मी म्हटलं, “हा तुमचा संत.”

“तुमचाही,” अच्चायन म्हणाला. “कॅथलिक सभेने त्याला आचार्य केलंय. गालिचे कुणी दिले म्हणून ‘ख्रिस्त एकच’ हे खोटं ठरतं का रे?”

ठरत नाही. तरी मला नेस्टोरियसचं वाईट वाटतं. हद्दपारीत त्याने लिहिलेल्या पुस्तकाचं सिरियाक भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती लागलं, तोवर त्याची बाजू बहुतेक शत्रूंच्या अवतरणांतूनच ऐकू येत होती. पुस्तक वाचणाऱ्या अनेक अभ्यासकांना वाटलं की ज्या मताबद्दल त्याला हाकललं ते त्याचं मतच नव्हतं.

आणि त्याचं नाव आपल्या दारापर्यंत आलंय. रोमन हद्दीबाहेर, इराणात, जी पूर्वेची ख्रिस्तसभा वाढली तिने नेस्टोरियसला संत मानलं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी लिहितो की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती आहेत, आणि ‘कल्लिआना’त इराणहून नेमलेला बिशप आहे. कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक धरतात. पोर्तुगीज वसईत येऊन आमच्या पूर्वजांना बाप्तिस्मा देण्याच्या हजार वर्षं आधी खाडीच्या वरच्या अंगाला मिस्सा होत होती, तीही रोमच्या दृष्टीने पाखंडी! मला हे भारी आवडतं. आमच्या एका फादरांना सांगितलं होतं, त्यांनी विषय बदलला.

रात्री जेवताना अच्चायनने पुढची गोष्ट सांगितली. १५९९मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस केरळात उतरला, उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि सिरियाक ग्रंथांतला ‘नेस्टोरियन’ दोष काढायचा म्हणून कित्येक ग्रंथ जाळायला लावले. इफेससच्या निकालाची अंमलबजावणी, जवळजवळ बाराशे वर्षांनी, गोव्याहून. लोक आतून धुमसत राहिले. ३ जानेवारी १६५३ला मट्टनचेरीत त्यांनी क्रुसाला दोर बांधून जेझुइटांना, म्हणजे रोमच्या त्या संघाच्या धर्मगुरूंना, न मानण्याची शपथ घेतली. मग बिशप हवा म्हणून जो मिळाला तो आला अंतिओखियाच्या सिरियाक सभेकडून, १६६५मध्ये. आणि ती सभा म्हणजे नेस्टोरियसला शाप देणारी, सिरिलला डोक्यावर घेणारी. म्हणजे अच्चायनच्या घराण्याने शेदोनशे वर्षांत ख्रिस्ताच्या स्वभावाबद्दलच्या, म्हणजे त्याचं देवपण नि माणूसपण एकत्र कसं याच्या, वादात एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारली, आणि कारण होतं पोर्तुगीजांचा जाच.

“तुझ्या खापरपणजोबाने दोन स्वभाव, एक स्वभाव यांचा विचार केला असेल का?” मी विचारलं.

“त्याने मिरीचा विचार केला असेल,” तो म्हणाला.

रविवार : इस्तंबूल, हागिया आयरीनी

पहाटेच्या विमानाने इस्तंबूल. तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या अंगणात डावीकडे हागिया आयरीनी, जुन्या चर्चची वास्तू. मोठ्या आयासोफ्यासमोर रांग इतकी की बघूनच पाय दुखले. इथे मोजकी माणसं. ३८१ची परिषद इथं भरली असं परंपरा सांगते, अर्थात आधीच्या वास्तूत. ती ५३२च्या दंगलीत जळली, आताची जस्टिनियनची, नि ७४०च्या भूकंपानंतर डागडुजी केलेली. हिची कधी मशीद झाली नाही. उस्मानी काळात शस्त्रागार होती, आता संगीताच्या मैफली होतात. आत रंगरंगोटी नाही, विटा उघड्या, कबुतरं. वेदीमागच्या घुमटीत सोनेरी पार्श्वभूमीवर काळ्या रेघेचा एकच मोठा क्रूस, मूर्तिविरोधी काळातला. त्याखाली धर्मगुरूंच्या बसायच्या दगडी पायऱ्या अर्धवर्तुळात. फार देखणी जागा. आयासोफ्याची रांग सोडून इथे या असं मी सांगेन.

रविवारी आम्ही जो विश्वासांगीकार म्हणतो तो खरं तर ३८१च्या नावावरचा. ३२५च्या मसुद्यात पवित्र आत्म्याबद्दल जेमतेम एक तुकडा होता, ‘आणि पवित्र आत्म्यावर’, बस्स. पुढचं सगळं नंतरचं. अध्यक्ष झालेला नाझियान्झसचा ग्रेगरी हळवा कवी माणूस. बिशपांच्या कलकलाटाला कंटाळून त्याने राजीनामा टाकला आणि नंतर त्यांना कावळ्यांचा थवा, गांधीलमाश्या अशी विशेषणं बहाल केली. त्याच्या जागी नेक्टारियस निवडला गेला. त्याचा बाप्तिस्माच व्हायचा होता. आठवड्याभरात सगळे संस्कार उरकून आर्चबिशप!

पण हे फक्त बिशपांचं राजकारण होतं असं समजू नये. निस्साचा ग्रेगरी याच शहराबद्दल वैतागून लिहितो: सुटे पैसे मागावेत तर सराफ ‘जन्मलेला’ आणि ‘अजन्मा’ यावर प्रवचन देतो; पावाचा भाव विचारावा तर उत्तर येतं पिता मोठा, पुत्र दुय्यम; आंघोळीचं पाणी तापलं का विचारावं तर सेवक म्हणतो पुत्र शून्यातून निर्माण झाला. बाहेर सिमितवाल्याला, तिळाचे गोल पाव विकणाऱ्याला, अच्चायनने मुद्दाम भाव विचारला. त्याने नुसता भावच सांगितला, आणि तोही जास्त.

सोमवार : कादिक्योय आणि फेनेर

एमिनोन्यूहून वाफाळता चहा घेत वीसेक मिनिटांत कादिक्योय. जुन्या ग्रीक गोष्टीत चाल्सीडन म्हणजे आंधळ्यांचं शहर: समोर एवढी सोन्यासारखी जागा असताना जे इकडे वसले ते आंधळेच, असं. आता मासळीबाजार, पुस्तकांची दुकानं, कॉलेजची पोरं. संत युफेमियेचं ते विशाल चर्च, जिथे ऑक्टोबर ४५१मध्ये पाचशेच्या आसपास बिशप जमले, त्याचं नाव बाजाराच्या टोकाच्या लहानशा ग्रीक चर्चने जपलंय. मूळ वास्तू मात्र गेली. हैदरपाशा स्टेशनाच्या आवारात उत्खननात जुनं शहर निघतंय, ते कुंपणाबाहेरूनच पाहिलं.

या परिषदेची इतिवृत्तं मात्र शिल्लक आहेत, आणि ती वाचताना हसू आवरत नाही. दोन वर्षांपूर्वी, ४४९मध्ये, इफेससलाच आणखी एक परिषद झाली होती. सिरिलच्या जागी आलेल्या आलेक्झांड्रियाच्या डिओस्कोरसने दंडेली करून कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप फ्लेवियन याला काढलं, तो मारहाणीनंतर लवकरच मेला, आणि तेव्हाचा पोप लिओ पहिला याने त्या सभेला ‘दरोडा’ म्हटलं. मग सम्राट थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला, बहीण पुल्केरिया आणि तिचा नवरा मार्सियन सत्तेवर आले, वारं फिरलं. चाल्सीडनला पहिल्याच दिवशी डिओस्कोरसवाले एका बाजूच्या बाकांवर, विरोधक दुसऱ्या. ४४९चा वृत्तांत वाचायला घेतला तसे बिशप ओरडू लागले: आम्ही असं म्हणालोच नव्हतो, आमच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या! आणि मग जेरुसलेमचा जुवेनल उठला आणि भरसभेत पलीकडच्या बाकांवर जाऊन बसला; त्याच्यामागून आणखी काही. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी आपले आमदार करतात अगदी तसंच. सम्राटाच्या अधिकाऱ्यांना शेवटी सांगावं लागलं की हा गलका बिशपांना शोभत नाही.

निकाल: एकच ख्रिस्त, दोन स्वभावांत, न मिसळता, न बदलता, न विभागता, न विलग होता. चारही शब्द नकाराचे. काय आहे ते सांगायच्या फंदात न पडता काय नाही त्याचं कुंपण घातलं, आणि माझ्या मते या सगळ्या शतकांतलं सर्वांत शहाणं वाक्य हेच. अच्चायनला मान्य नाही. डिओस्कोरस ‘दोन स्वभावांतून’ मानायला तयार होता, ‘दोन स्वभावांत’ म्हणायला नव्हता. “सिरिल जे बोलला तेच तो बोलला,” अच्चायन म्हणाला, हेल आला होता. “सिरिल तुमचा आचार्य, आणि डिओस्कोरस हद्दपार. आमच्या कुर्बानेत, म्हणजे मिस्सेत, तीनच परिषदांची नावं घेतात. चौथीचं का घ्यायचं?”

मी त्याला तेरा इजिप्शियन बिशपांची आठवण करून दिली. ते जमिनीवर लोटांगण घालून विनवत होते की आमच्या आर्चबिशपाशिवाय सही मागू नका, घरी गेलो तर लोक ठार मारतील. सभागृहाला वाटलं नाटक करतायत. सहा वर्षांनी, ४५७मध्ये, आलेक्झांड्रियात चाल्सीडनच्या बाजूने बसवलेल्या प्रोटेरियसला जमावाने खरंच मारलं. कॉप्ट, सिरियाक, आर्मेनियन, इथिओपियन, ही सगळी वाट इथून फुटली. १९७३मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा, १९९४मध्ये जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या सभेचे मार दिंखा, यांनी संयुक्त निवेदनं काढली: ख्रिस्ताबद्दलची आपली श्रद्धा मुळात एकच. आणि नेस्टोरियस? चाल्सीडनच्या सुमारास वाळवंटात मरता मरता त्याने पोप लिओचं, दोन स्वभाव मांडणारं पत्र वाचून लिहिलं की हेच तर मी म्हणत होतो. चाल्सीडनने तरीही त्याचं नाव शापातून काढलं नाही.

दुपारी परत बोटीने, मग गोल्डन हॉर्नच्या कडेने फेनेर. पॅट्रिआर्केटच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये संत युफेमियेचे अवशेष चांदीच्या पेटीत ठेवलेत. आख्यायिका अशी: परिषदेत वाद मिटेना, तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापला मजकूर लिहून तिच्या शवपेटीत ठेवला आणि पेटी सीलबंद केली. काही दिवसांनी उघडली तर चाल्सीडनवाल्यांचा कागद तिच्या हातात आणि दुसरा पायाशी. तिच्या चित्रांत ती गुंडाळी धरून असते ती याच गोष्टीमुळे. मी हे जरा विजयाच्या सुरातच सांगितलं.

अच्चायनने पेटीपुढे मेणबत्ती लावली, क्रुसाची खूण केली, आणि मग विचारलं, “पेटीच्या चाव्या कुणाच्या बिशपाकडे होत्या, ते लिहिलंय का कुठे?”